पाहुण्यांचे पाहुणे

मराठीत प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार जितका लोकप्रिय, तितकीच त्याची समीक्षा दरिद्री, ही तक्रार जुनी आहे आणि ती पुन्हा मांडण्याचे येथे प्रयोजन नाही. आमचे म्हणणे त्या प्रकाराच्या एका विशिष्ट, गेल्या काही दशकांत भरभराटीस आलेल्या शाखेपुरते आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे, मुलीकडे, भावाबहिणीकडे सुटीत जायचे आणि परतल्यावर दिवाळी अंकासाठी किंवा स्वखर्चाने काढलेल्या पुस्तकासाठी तो वृत्तान्त लिहायचा, ही ती शाखा. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) किंवा गंगाधर गाडगीळांचे 'सातासमुद्रापलीकडे' (१९५९) लिहिले गेले तेव्हा परदेशगमन हीच मुळी एक घटना होती. आज ती घटना राहिलेली नाही. नाते मात्र आहे. आजचा लेखक कोणाचा तरी काका, आई, मेहुणा म्हणून जातो. हॉटेलात न उतरता तो त्या देशातील एका घरात राहतो, तेथील भाजी निवडतो, कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते हे त्याला ठाऊक होते. पूर्वसूरींना ही सोय नव्हती. असे असूनही हे लेखन अधिक खोल गेले नाही, उलट पातळच होत गेले. असे का व्हावे? २०२४ च्या उन्हाळी सुटीत आम्ही उभयता आणि आमचा मुलगा तीन आठवडे हवाई बेटांवर नातलगांकडे राहून आलो, तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळतो आहे.

आमचे उत्तर असे, की या लेखनात यजमानांचे घर हेच जग होऊन बसते. नातलगांचा संसार, त्यांची मोटार, त्यांनी नेऊन दाखवलेली ठिकाणे, त्यांच्या मराठी मंडळातले गणपती यांच्या पलीकडे लेखकाची नजर जात नाही; आणि गेलीच तर तेथे तिला निसर्ग दिसतो, माणसे दिसत नाहीत. आपले नातलग ज्या भूमीवर राहतात तेथे ते स्वतः कोण आहेत, हा प्रश्न पाहुण्याने विचारणे आपल्याला अशिष्ट वाटते. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तो विसरताही येतो, कारण तेथील मूळ रहिवाशांना नजरेआड करण्याचे काम फार पूर्वीच उरकले गेले आहे. हवाईत मात्र तो विसरता येत नाही. तेथील माणसांनी तो रोजच्या बोलण्यात जिवंत ठेवला आहे.

याला आपल्याकडे पूर्वपरंपराच नाही असे नव्हे. पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) हे पुस्तक आपण स्त्रीलेखनाच्या इतिहासात शिकवतो आणि तेथेच सोडून देतो. रमाबाई अमेरिकेत सज्जन यजमानांच्या घरी राहत होत्या, त्यांच्या देणग्यांतून स्वदेशी शाळा उभारणार होत्या, त्या देशाविषयी त्यांच्या मनात अपार आदर होता. आणि तरीही तेथील मूळ रहिवाशांना मिळालेल्या वागणुकीविषयी त्यांनी गप्प राहणे पत्करले नाही. पाहुणचार घेऊनही मिंधेपणा नसलेले असे लेखन मराठीत पुढे फारसे झाले नाही, याचे आम्हांला आश्चर्य वाटते.

आता हवाईविषयी. आमच्यापैकी एकाची मामेबहीण आणि तिचे पती गेली चौदा वर्षे या बेटसमूहातील सर्वांत मोठ्या, 'हवाई' हेच नाव असलेल्या बेटावर हिलो या गावी राहतात. पोस्टकार्डांवरचे हवाई म्हणजे ओआहू बेटावरची वाइकिकीची चौपाटी. हिलो तसे नाही. तेथे पाऊस पडतो. आपल्या कोकणात चार महिन्यांत जेवढा कोसळतो, जवळजवळ तेवढाच तेथे वर्षभर रिमझिमत राहतो. घरे बुटकी, पत्र्याच्या छपरांची. दाराबाहेर चपलांचा ढीग, कारण घरात पादत्राणे नेणे हे तेथेही असभ्यपणाचे. आमच्या अकरा वर्षांच्या भाचीला शेजारपाजारच्या सगळ्या वडीलधाऱ्या बायका 'आंटी' आणि पुरुष 'अंकल', मग ते जपानी असोत, फिलिपिनो असोत, पोर्तुगीज असोत की हवाईयन. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या आमच्या बहिणीला हे गाव परके वाटले नाही याचे आम्हांला नवल वाटत नाही. गावाचा समुद्रालगतचा भाग मात्र मोकळा, हिरवळीचा आहे. १९४६ आणि १९६० च्या त्सुनामींनी तेथली वस्ती धुऊन नेली, आणि नंतर तेथे पुन्हा घरे बांधू दिली गेली नाहीत.

पहिल्याच आठवड्यात दोन शब्द कानावर पडले. बाहेरून नुकताच आलेला, अनोळखी, तो 'मालिहिनी'. येथलाच, तो 'कामाआइना'. दुसऱ्या शब्दाची फोड करून पाहिली तेव्हा आम्ही भाषेच्या शिक्षकांनी कान टवकारले. कामा म्हणजे मूल, आणि आइना म्हणजे जमीन. पण जमीन म्हणजे सातबाऱ्यावरचा तुकडा नव्हे. 'आइ' म्हणजे खाणे. जी खाऊ घालते ती आइना. म्हणजे कामाआइना या शब्दाला मराठीत 'भूमिपुत्र' हा प्रतिशब्द आयताच तयार आहे. आणि आपल्याकडे या शब्दाचे जे झाले तेच, थोड्या वेगळ्या रीतीने, तेथेही झाले. एकोणिसाव्या शतकात आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांचे वंशज, पुढे उसाचे मळेवाले झालेले त्यांचे नातेवाईक स्वतःला कामाआइना म्हणवू लागले. आता तर दुकाने, हॉटेले आणि संग्रहालये यांत 'कामाआइना दर' असतो. हवाई राज्याचा वाहनपरवाना दाखवला की तिकीट स्वस्त पडते. आमची बहीण परवाना दाखवते आणि भूमिपुत्र ठरते. तिच्या शेजारी राहणाऱ्या एका हवाईयन आजींचा नातू मात्र नोकरीसाठी लास वेगासला गेला आहे. तो सुटीत घरी येतो तेव्हा त्याच्या खिशातल्या परवान्यानुसार तो परका असतो.

हा एकट्या नातवाचा प्रश्न नाही. २०२० च्या जनगणनेनुसार स्वतःला मूळ हवाईयन म्हणवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आता हवाईबाहेर, मुख्य भूमीवर राहतात. घरांच्या किमती त्यांच्या आवाक्यात राहिलेल्या नाहीत. लास वेगासला तेथे थट्टेने 'नववे बेट' म्हणतात. त्या थट्टेत हसण्यासारखे फार थोडे आहे. दुसरीकडे सुमारे चौदा लाख वस्तीच्या या राज्यात २०१९ साली एक कोटीहून अधिक पर्यटक येऊन गेले. मूळ रहिवासी बाहेर जात आहेत आणि आमच्या नातलगांसारखी शिकलेली, सुस्वभावी, कर भरणारी, कोणाचे वाईट न चिंतणारी माणसे आत येत आहेत. यात आमच्या बहिणीचा दोष नाही, असे म्हणून हा प्रश्न संपत नाही. म्हणूनच बहुधा तेथील लोकांनी स्वतःसाठी एक वेगळा शब्द राखून ठेवला आहे: 'ओइवी'. 'इवी' म्हणजे हाडे. ज्याच्या पूर्वजांची हाडे या मातीत आहेत तो ओइवी. हा शब्द कोणत्याही परवान्यावर मिळत नाही. मराठीत आपण 'हाडाचा शेतकरी', 'हाडाचा शिक्षक' म्हणतो तेव्हा हाड हे उपमेचे असते. तेथे ते खरे हाड आहे, आणि इमारतीचा पाया खणताना ते वर येते तेव्हा तंटे होतात.

येथवरचे आमचे निरीक्षण कोणाही समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने केले असते. मराठीच्या अभ्यासकांना त्याहून जवळची वाटावी अशी एक गोष्ट पुढे आहे.

ज्या अमेरिकन बोर्डाने १८२० मध्ये हवाईत मिशनरी पाठवले, त्याच बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस उतरले होते. आपल्या वाङ्मयेतिहासात ज्याला आपण अमेरिकन मराठी मिशन म्हणतो ते हेच. मुंबईत या मिशनने काही वर्षांतच छापखाना घातला; गणपत कृष्णाजी, जावजी दादाजी यांच्या मुद्रणाची परंपरा मागे जाऊन त्या छापखान्याशी भिडते. हवाईत १८२२ मध्ये पहिला मजकूर छापला गेला. तेथे मिशनऱ्यांनी १८२६ साली चक्क मतदान घेऊन वर्णमाला ठरवली: ब की प, र की ल, त की क, असे उच्चारांचे जेथे दुमत होते तेथे एकेक अक्षर काढून टाकले. (आपल्याकडच्या शुद्धलेखनाच्या वादांत हा तोडगा कोणाला सुचला नाही, हे आपले भाग्य म्हणावे.) १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले, १८३४ मध्ये माउई बेटावरच्या लहाइनालूना येथील शाळेतून 'का लामा हवाई' हे हवाईयन भाषेतील पहिले वृत्तपत्र निघाले. अहमदनगरहून 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये. एकाच बोस्टनहून निघालेल्या दोन वाटा, दोन भाषा, आणि पहिली तीस वर्षे जवळजवळ समांतर.

हवाईयन भाषा या शर्यतीत मागे होती असे कोणी समजू नये. छापील अक्षर हाती येताच त्या लोकांनी ते विलक्षण वेगाने आपलेसे केले. एकोणिसाव्या शतकात त्या भाषेत शंभराहून अधिक वृत्तपत्रे निघाली. त्यांची लाखाहून अधिक पाने आज उपलब्ध आहेत. त्यांत बातम्यांबरोबर पुराणकथा, वंशावळी, शोकगीते, परभाषेतील कादंबऱ्यांचे अनुवाद, आणि संपादकांची परस्परांशी कडाक्याची भांडणे आहेत. जगाच्या व्यवहारातही हे राज्य मुके नव्हते. राजा कालाकाउआ १८८१ साली पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला, कलकत्त्याहून आगगाडीने मुंबईस आला आणि मुंबईहून सुएझकडे गेला. म्हणजे पुण्यात 'केसरी' सुरू झाला त्याच वर्षी एक हवाईयन राजा आपल्या मुलखातून गेला होता. त्या वेळच्या मराठी वृत्तपत्रांत त्याची नोंद शोधणे हा एखाद्या विद्यार्थ्यासाठी चांगला विषय होईल.

मग वाटा फुटल्या. १७ जानेवारी १८९३ रोजी अमेरिकन नौसैनिकांच्या छायेत मळेवाले आणि व्यापारी यांनी राणी लिलिउओकालानीला पदच्युत केले. १८९६ च्या कायद्याने शाळेचे माध्यम इंग्रजी ठरले. मान्यता हवी असेल तर शिक्षण इंग्रजीतून. १८९७ मध्ये एकवीस हजारांहून अधिक हवाईयनांनी सामिलीकरणाविरुद्धच्या अर्जावर सह्या केल्या. १८९८ मध्ये सामिलीकरण झालेच. मुले शाळेत हवाईयन बोलली की शिक्षा होई. दोन पिढ्यांत आजीची भाषा नातवंडांना परकी झाली. १९८० च्या सुमारास अठरा वर्षांखालील हवाईयनभाषक मुले पन्नासही नव्हती असे सांगितले जाते. भाषा अखंड राहिली ती एकट्या नीइहाउ या खासगी मालकीच्या छोट्या बेटावर.

आमच्या वर्गात भाषेच्या भवितव्याची चर्चा निघाली की ज्ञानेश्वरी आणि गाथा यांचा दाखला देऊन तिचा समारोप होतो: एवढे वाङ्मय असलेली भाषा कशी मरेल? हवाईयन भाषेत दोन हजारांहून अधिक ओळींचे 'कुमुलिपो' हे सृष्ट्युत्पत्तीचे स्तोत्र होते, वृत्तपत्रांचा डोंगर होता, लेखन करणारी राणी होती. आणि एक कायदा व दोन पिढ्या एवढ्यात ती मरणपंथाला लागली. वाङ्मयाची थोरवी भाषेला वाचवत नाही. ते काम शाळेचे आणि घराचे आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला याचा आम्हांला इतरांइतकाच आनंद आहे. पण त्या दिवसाच्या भाषणांत बालवाडीचा उल्लेख आमच्या तरी ऐकण्यात आला नाही. हवाईत पुनरुज्जीवनाची सुरुवात बालवाडीपासून झाली. १९७८ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन हवाईयन ही इंग्रजीबरोबर राजभाषा ठरली, तरी तेवढ्याने काही हलले नाही. १९८३ मध्ये काही शिक्षकांनी आणि पालकांनी 'पूनाना लेओ' म्हणजे 'आवाजांचे घरटे' ही संस्था काढली, जिच्या बालवाड्यांत मुलांशी फक्त हवाईयन बोलले जाते. तेव्हा सरकारी शाळेत या भाषेतून शिकवणे कायद्यानेच वर्ज्य होते. पालक विधिमंडळात हेलपाटे घालत राहिले, १९८६ मध्ये ती बंदी उठली, आणि बालवाडीतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी १९८७ पासून पुढचे वर्ग निघाले. हिलोजवळ केआआउ येथे आता बालवाडीपासून बारावीपर्यंत हवाईयन माध्यमाची शाळा आहे. तिला जोसेफ नावाही या लढाऊ संपादकाचे नाव दिलेले आहे. संपादकाच्या नावाची शाळा! हिलोच्या विद्यापीठात या भाषेतून डॉक्टरेटपर्यंत अभ्यास करता येतो.

या शाळेवरून आमच्या यजमानांच्या घरी वाद चालू होता, आणि आम्ही मराठीचे प्राध्यापक म्हणून आम्हांला त्यात पंच नेमले गेले. भाचीला त्या शाळेत जायचे आहे. तिच्या दोन मैत्रिणी तेथे जातात, ती त्यांच्याकडून बरेच शिकली आहे, आणि तिच्या सध्याच्या शाळेतही हवाईयन संस्कृतीचा एक तास असतो. तिच्या वडिलांची हरकत नाही. आईची आहे. "मराठी तर तिला धड येत नाही. ती मोडकीतोडकी बोलते ते मी चालवून घेते, कारण इथे कोणाशी बोलणार? आणि आता जी भाषा आपली नाही, जगात कुठे चालत नाही, ती शिकायला हिने आपली इंग्रजी शाळा सोडायची? दादा, तूच सांग." बहिणीचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. तिचे दुःख खरे होते: स्वतःची भाषा मुलीच्या तोंडून निसटत असताना दुसऱ्या कोणाची तरी भाषा मुलगी धावत जाऊन घेते आहे.

आम्ही दोघांनी दोन दिवस विचार करून भाचीच्या बाजूने कौल दिला. आमची कारणे भाषाशास्त्राची नव्हती. त्या मातीत वाढणाऱ्या मुलीने तेथल्या भाषेत बोलणे हे आम्हांला पाहुण्याने घराची रीत पाळण्यासारखे वाटले. शिवाय जिला दोन भाषांची उणीव जाणवते ती तिसरी सांभाळण्याची शक्यता अधिक, असा आमचा शिक्षकी अनुभव आहे. अर्थात हवाईयन समाजातही याविषयी एकमत नाही: ज्या शाळा हवाईयन मुलांसाठी झगडून मिळवल्या, तेथील जागा इतरांच्या मुलांनी घ्याव्यात का, असे विचारणारे आहेत, आणि तो प्रश्न आम्हांला रास्त वाटतो. हे आम्ही बहिणीलाही सांगितले. भाचीने यावर आम्हांला एकच विचारले: "मामी, तिकडे मराठी शाळा आहेत ना? मग त्या बंद का होतात? तिथे तर मराठीला कोणी बंदी नाही केली." तिच्या मामीने काहीतरी लांबलचक उत्तर दिले. ते येथे उतरवण्याच्या योग्यतेचे नाही.

हवाईची सगळीच बोली हवाईयन नाही, हेही वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. उसाच्या मळ्यांवर चीन, जपान, पोर्तुगाल, फिलिपाइन्स येथून आणलेल्या मजुरांच्या परस्परव्यवहारातून जी मिश्र बोली तयार झाली, तिला तेथे 'पिजिन' म्हणतात. शाळांनी तिचा उपहास केला, आणि तिच्यातूनच मिल्टन मुरायामा यांची १९७५ ची कादंबरी आणि १९७८ साली सुरू झालेले 'बांबू रिज' हे नियतकालिक उभे राहिले. आपल्याकडचे लघुनियतकालिक त्याच्या आधीचे; तुलना करावी असे दोहोंत बरेच आहे. आपल्या प्रवासवर्णनकारांना मात्र तेथे फक्त हुलानृत्य आणि फुलांच्या माळा दिसतात.

शेजारच्या आजींकडे आम्ही जेवलो. त्यांनी 'पोई' वाढली, म्हणजे शिजवून कुटलेल्या कंदाची आंबूस, जांभळट लापशी. कंद कोणता, हे विचारल्यावर परसात नेऊन दाखवला: आपला अळू! आम्ही पाने खाणारे. अळूवडी, फदफदे, आणि कंदाला अळकुडी म्हणून दुय्यम मान. तेथे कंद हे अन्नब्रह्म. त्यांच्या कथेत वाकेआ या आकाशपुरुषाचे पहिले मूल मृत जन्मले. ते पुरले तेथून अळू, म्हणजे 'कालो', उगवला. दुसरे मूल झाले ते पहिला माणूस, हालोआ. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. कुटुंबाला 'ओहाना' म्हणतात तो शब्दही अळूच्या कंदाला फुटणाऱ्या पिल्लावरून, 'ओहा'वरून आला. आजी म्हणाल्या, थोरल्या भावासमोर भांडायचे नसते. पोईचे भांडे उघडे असेपर्यंत जेवणाच्या जागी वादाला बंदी. आमच्या बहिणीचा आणि मेहुण्यांचा शाळेवरचा वाद त्या संध्याकाळपुरता मिटला.

याच वाकेआचे नाव हिलोमागच्या डोंगराशी जोडलेले आहे. मौना केआ, उंची ४,२०० मीटरहून अधिक. त्याच्या माथ्यावर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून दुर्बिणी उभ्या राहत गेल्या, त्या तेरा झाल्या. चौदावी, तीस मीटर व्यासाची, उभारण्याचा प्रकल्प आला तेव्हा २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये लोकांनी रस्ता अडवून काम थांबवले. जुलै २०१९ मध्ये खुर्च्या टाकून बसलेल्या वयोवृद्धांना पोलिसांनी अटक केली. आपल्याकडे हा वाद बहुधा विज्ञान विरुद्ध श्रद्धा असाच समजला गेला. वस्तुतः डोंगराचा माथा हा १८९३ नंतर हिरावल्या गेलेल्या राज्याच्या जमिनींपैकी आहे, आणि वाद 'कोणाला विचारून?' हा आहे. मराठी माणसाला तो परका वाटण्याचे कारण नाही, कारण या प्रकल्पात भारत भागीदार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१४ साली या सहभागाला मंजुरी दिली, आणि त्यात सामील असलेल्या भारतीय संस्थांपैकी एक पुण्याची आयुका आहे. म्हणजे आपण तेथे निव्वळ पाहुणे नाही. आपला तेथे हिस्सा आहे.

बहीण म्हणाली, "आपण बाहेरचे. आपण कशाला बोला?" तिची अडचण आम्हांला कळते, तिला तेथे राहायचे आहे. पण आम्ही विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (१९९१) वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. धरणाखाली गेलेल्या गावांसाठी वर्गात गहिवरणारे आपण मौना केआवर आल्यावर तेवढे बाहेरचे कसे होतो? खगोलशास्त्रज्ञांच्या जिज्ञासेविषयी आम्हांला आदर आहे आणि दुर्बीण हे धरण नव्हे हेही आम्ही जाणतो. तरी डोंगरावर काय व्हावे हे ठरवताना तेथील लोकांना खुर्ची मिळावी, एवढी त्यांची मागणी आम्हांला पूर्ण न्याय्य वाटते. २०२२ मध्ये राज्याने डोंगराच्या देखभालीसाठी नवे प्राधिकरण नेमण्याचा कायदा केला आणि त्यात मूळ हवाईयनांना जागा दिल्या. पन्नासहून अधिक वर्षे उशिरा. आयुकातील कोणी या बाजूने मराठीत लिहिले तर आम्ही ते आवडीने वर्गात वाचू.

शेवटच्या आठवड्यात माउईला जाण्याचा बेत होता. आमच्या मुलाला लहाइनाचा वड पाहायचा होता. हे झाड एप्रिल १८७३ मध्ये, लहाइनाला मिशन आल्याच्या पन्नासाव्या वर्षी लावले गेले, आणि ते रोप हिंदुस्थानातील मिशनऱ्यांकडून भेट आलेले होते. आठ फुटांचे रोप. पुढे पारंब्यांची खोडे होऊन त्याने अख्खा चौक व्यापला. ८ ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात लहाइना जळाले, शंभराहून अधिक माणसे गेली, वडही होरपळला. सप्टेंबरात त्याला पालवी फुटल्याच्या बातम्या सगळ्या जगाने वाचल्या. माणसांपेक्षा झाडाच्याच बातम्या अधिक झाल्या, असे तेथे काहीजण कडवटपणे म्हणतात. बहिणीने बेत रद्द केला. "तिथे आता पाहायला जायचं नसतं," एवढेच तिने आमच्या मुलाला सांगितले. चौदा वर्षांत ती तेथली किती झाली आहे, हे आम्हांला वाहनपरवान्यावरून नाही, या वाक्यावरून कळले.

शाळेचा अर्ज आम्ही निघेपर्यंत भरलेला नव्हता. निघण्याच्या आदल्या दिवशी भाची परसातल्या झाडांची यादी करीत बसली होती. शाळेने तीन रकाने आखून दिले होते. पहिल्यात आधीपासूनची, दुसऱ्यात पॉलिनेशियन पूर्वजांनी होड्यांतून आणलेली, तिसऱ्यात जहाजे आल्यानंतरची. हळद कोठे लिहायची यावर मायलेकींत थोडी झटापट झाली. बहिणीच्या मते हळद आपली. ती होड्यांतून, जहाजांच्या कित्येक शतके आधी तेथे पोचली होती, असे मुलीने पुस्तक उघडून दाखवले आणि तिला अळूशेजारी दुसऱ्या रकान्यात बसवले. कढीपत्ता तिसऱ्यात गेला. त्याच्याखाली, तो परसात नसतानाही, तिने वड लिहून ठेवला.